पिल्लाच्या हृदयात मर्मर आहे: घ्यावं की नाही, आणि विमा कितपत कामी येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंनी मुलांसाठी गोल्डन रिट्रीव्हरची ५० दिवसांची मादी पसंत केली आहे. व्यवहार ठरण्याआधी त्यांनी तिला जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं: हृदयात मर्मर, डावीकडे, ग्रेड ३, बेंबीला छोटा हर्निया. ब्रीडर म्हणतो, ‘लहानपणी सगळ्यांनाच असतं, मोठी झाली की जाईल’, आणि २५ हजारांचं पिल्लू १५ हजारांत द्यायला तयार आहे. विमा एजंट म्हणतो, ‘आत्ताच पॉलिसी काढा, सगळं कव्हर होईल.’ धाकट्यानं तिचं नावसुद्धा ठेवून टाकलंय. घ्यावी का?

ताई, आज पैसे देऊ नका, आणि आज नकारही कळवू नका. मध्ये एक तपासणी करायची आहे, हृदयाचा डॉप्लरसह इको, म्हणजे रक्ताचा वेगही मोजणारी हृदयाची सोनोग्राफी. तो रिपोर्ट हातात आला की तुमचा निम्मा प्रश्न सुटेल. आणि विम्याचं म्हणाल, तर या पिल्लाच्या हृदयासाठी विमा कंपनी एक रुपयाही देणार नाही, असं धरूनच हिशोब मांडा. त्या हिशोबात ती परवडत असेल तर घ्या. विम्याच्या भरवशावर परवडत असेल, तर घेऊ नका.

मी पुण्यात बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे बहुतेक कुटुंबं पिल्लू घरी आणल्यावर, नातेवाइकांना फोटो पाठवून झाल्यावर येतात. तोवर ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. तुम्ही पैसे देण्याआधी डॉक्टर गाठलात, त्यामुळे सगळे पत्ते अजून तुमच्या हातात आहेत.

आता मर्मर म्हणजे काय ते बघू. हृदयातून रक्त सुरळीत वाहत असेल, तर स्टेथोस्कोपमधून फक्त झडपा बंद होण्याचे दोन ठोके ऐकू येतात. नळाच्या पाईपवर पाय पडला की पाणी सूं सूं करत जातं, तसं कुठे अडलं, गळलं किंवा फार वेगानं वाहू लागलं की ठोक्यांच्या मध्ये एक जादा आवाज येतो. तो मर्मर. त्याचे सहा ग्रेड आहेत. पहिला शांत खोलीत कान देऊन ऐकावा लागतो. तिसरा हा मध्यम, स्टेथोस्कोप टेकवला की कळणारा. पाचव्या-सहाव्यात तर छातीवर नुसता हात ठेवला तरी थरथर जाणवते. ग्रेड हे आवाजाचं माप आहे, आजाराचं नाही. मोठा आवाज करणारा दोष कधी पूर्ण बरा होण्यासारखा असतो, आणि हळू आवाजामागे कधी वाईट काही दडलेलं असतं. म्हणून नुसत्या ‘ग्रेड ३’वरून ना ब्रीडरला निर्वाळा देता येतो, ना तुम्हाला.

ब्रीडर अर्धं खरं बोलतोय. पिल्लांमध्ये निरुपद्रवी मर्मर खरोखरच असतात. ते बहुतेक वेळा ग्रेड १ किंवा २ चे, छोटे, मऊ असतात आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत निघून जातात. ग्रेड ३ हा या निरुपद्रवी गटाच्या अगदी सीमेवरचा आहे. इथे ‘बघू, जाईल’ म्हणून मी सोडत नाही. त्यात ती गोल्डन रिट्रीव्हर आहे, आणि या जातीत जन्मजात हृदयदोषाचा एक विशिष्ट प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

त्याआधी आपल्याकडे सर्रास आढळणारं आणि सहज विसरलं जाणारं एक कारण: रक्त कमी असणं. आईच्या दुधातूनच पिल्लांना हुकवर्म लागतात, वर गोचीड आणि पिसवा रक्त पितात. रक्त पातळ झालं की निरोगी हृदयातसुद्धा मर्मर ऐकू येतो. तुम्ही स्वतः तिचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर बरं, फिकट पांढुरक्या असतील तर डॉक्टरांना रक्ताची साधी तपासणी आणि शेणाची, म्हणजे विष्ठेची तपासणी करायला सांगा. जंत निघाले, रक्त भरून आलं की असा मर्मर जातो. हा शेकड्यातला खर्च आहे, तो इकोच्या आधी करा.

माझ्या टेबलावर असं पिल्लू आलं तर मी काय करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल. पिल्लू उभं ठेवतो, आडवं नाही. धापा टाकत असेल तर क्षणभर तोंड मिटून धरतो, नाहीतर श्वासाचा आवाजच मर्मरसारखा वाटतो. मग स्टेथोस्कोप डाव्या बाजूला कोपराच्या मागे ठेवतो आणि तिथून हळूहळू पुढे, वर, पार काखेत सरकवत नेतो. या काखेतल्या जागेला फार महत्त्व आहे. एक दोष असा आहे की तो तिथेच नीट ऐकू येतो, आणि जो डॉक्टर घाईत फक्त खालीच ऐकतो त्याच्या हातून तो निसटतो. उजवी बाजूही ऐकतो. त्याच वेळी दुसऱ्या हाताची बोटं पिल्लाच्या मांडीच्या आतल्या बाजूला नाडीवर असतात. नाडी उसळून बोटाला धक्का देते, की दबलेली आणि उशिरा येते, की अगदी नेहमीसारखी आहे, यावरून निम्मं निदान होतं. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: मर्मर डावीकडे खाली आहे की वर काखेकडे, सतत चालू राहतो की ठोक्याबरोबर येऊन थांबतो, आणि मांडीची नाडी कशी आहे? या तीन उत्तरांवर इको किती तातडीनं करायचा ते ठरेल.

इकोत काय निघू शकतं?

काखेत सतत घरघरणारा मर्मर आणि उसळणारी नाडी असेल तर पीडीए, म्हणजे पेटंट डक्टस आर्टेरिओसस. गर्भात असताना महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांना जोडणारी एक नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटायला हवी, ती उघडीच राहते. तसंच सोडलं तर हृदयावरचा भार वाढत जातो आणि बरीच पिल्लं वर्ष-दोन वर्षांत हृदय निकामी होऊन दगावतात. पण वेळेवर बंद केली तर हेच पिल्लू जवळपास पूर्ण आयुष्य जगतं. जन्मजात हृदयदोषांत इतका चांगला निकाल दुसऱ्या कशाचा नाही. ती छाती उघडून बांधता येते किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून जाऊन एका उपकरणानं बंद करता येते. आपल्या देशात हे काम करणारे हात मोजके आहेत, आणि उपकरण लावायचं तर खर्च लाखात धरावा लागतो.

फुप्फुसाच्या झडपेचं अरुंदपण, पल्मोनिक स्टेनोसिस, हे बीगल, बॉक्सर, बुलडॉग यांच्यात जास्त. सौम्य असेल तर काही करावं लागत नाही, तीव्र असेल तर फुग्यानं झडप रुंद करतात. तुमच्या पिल्लात याची शक्यता कमी, म्हणून इथेच सोडतो.

गोल्डनमध्ये मला ज्याची धास्ती वाटते तो दोष म्हणजे सबएऑर्टिक स्टेनोसिस. महाधमनीच्या झडपेच्या अगदी खाली तंतूंचं एक कडं तयार होतं आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलावं लागतं. न्यूफाउंडलंड, रॉटवायलर, बॉक्सर, जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर या त्याच्या ठरलेल्या जाती. आनुवंशिक आहे. याचा धूर्तपणा असा की ते कडं जन्मानंतर वाढतं. आठ आठवड्यांना हळू असलेला मर्मर सहा महिन्यांना मोठा झालेला असू शकतो. म्हणजे ब्रीडरचं ‘मोठी झाली की जाईल’ इथे बरोबर उलटं ठरतं.

इकोवाले डॉक्टर डॉप्लरनं रक्ताचा वेग मोजतात आणि त्यावरून दाबातला फरक काढतात. रिपोर्टमध्ये तो आकडा शोधा. साधारण ५० मिमी पाऱ्याच्या आत असेल तर सौम्य, ५० ते ८० मध्यम, ८० च्या वर तीव्र. सौम्य असलेली कुत्री बहुतेक वेळा नेहमीसारखं आयुष्य काढतात. कोथरूडमधल्या एका निवृत्त जोडप्याची गोल्डन माझ्याकडे सौम्य दोष घेऊन आली होती. आज तिचं तोंड पांढरं झालंय आणि ती अजून टेकडीवर फिरायला जाते. तीव्र असेल तर मात्र काही लक्षण न दिसता खेळताखेळता कोसळून जाणं, हे या आजाराचं खरं रूप आहे, आणि बऱ्याचदा ते पहिल्या तीन वर्षांतच घडतं. एटेनोलॉलसारखी माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी स्वस्त गोळी देतात, धावपळ मर्यादित ठेवतात. पण हा दोष बरा करणारी ऑपरेशनची सोपी वाट नाही. तुमच्या घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याच्याबरोबर चेंडूमागे धावणारं पिल्लू हेच तर तुम्ही डोळ्यांसमोर आणलंय. म्हणून हा आकडा कळल्याशिवाय ठरवू नका.

आठ आठवड्यांच्या पिल्लाचा इको अवघड असतो. हृदय एवढंसं, ठोके वेगात, पिल्लू वळवळणारं. म्हणून तो हृदयाचे इको नियमित करणाऱ्या पशुवैद्याकडेच करून घ्या. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्यानं ‘हृदयावरही फिरवून बघितलं’, असं चालणार नाही. खर्च काही हजारांचा असतो. नाशिकमध्ये सोय झाली नाही तर मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. इको कोणत्या दिवशी होतात, वेळ आधी घ्यावी लागते का, हे फोनवर विचारूनच निघा. आणि पहिला इको सौम्य किंवा ‘काही नाही’ असा आला तरी सहा महिन्यांना आणि वर्षाला पुन्हा करायचा आहे, हे आत्ताच मनाशी धरा.

या पिल्लाच्या बाबतीत कायदाही तुमच्या बाजूनं आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या कुत्रे पैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ५० दिवस म्हणजे अजून आठ आठवडे भरलेले नाहीत. बाजारात ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा शब्द रूढ झालाय, पण तो नियमाला धरून नाही. तेव्हा ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणून तुम्हाला घाई केली जात असेल, तर त्या घाईला काहीच आधार नाही. हे दिवस इकोसाठी वापरा.

आता दहा हजारांची सवलत. ती मला खटकते. ब्रीडरला मर्मर निरुपद्रवी वाटत असता तर त्यानं किंमत कशाला उतरवली असती? आणि गंभीर वाटत असेल तर १५ हजारही जास्तच आहेत. सवलत घेतली की ‘सगळं माहीत असून, कमी पैशात घेतलं’ असं होतं आणि नंतर तुम्हाला तोंड उघडायला जागा राहत नाही. तुम्ही सवलत मागू नका, परतीची लेखी हमी मागा. साध्या कागदावर चालेल: तारीख, दोन्ही सह्या, पिल्लाच्या मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) १५ आकडी नंबर, डॉक्टरांनी नोंदवलेला मर्मर, आणि इको अमुक दिवसांत होईल, दोष मध्यम किंवा तीव्र निघाला तर पूर्ण रक्कम परत, असं वाक्य. तोच चिप नंबर इकोच्या रिपोर्टवर आणि लसीच्या कार्डावरही लिहून घ्या. एकाच विणीतली गोल्डनची पिल्लं एकमेकांसारखी दिसतात, तेव्हा रिपोर्ट कोणत्या पिल्लाचा यावर वाद नको. टोकन देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर तेही परतीच्या अटीवर, आणि रोख नको, यूपीआयनं, म्हणजे नोंद राहील.

ब्रीडर ‘केसीआयचे पेपर आहेत’ म्हणेल. केनल क्लब ऑफ इंडियाचा कागद आई-वडील कोण आणि जात कोणती हे सांगतो. हृदय कसं आहे हे तो सांगत नाही. त्यापेक्षा विचारा: आई-वडिलांचं हृदय कधी डॉक्टरांनी तपासलंय का? याच जोडीची आधीची पिल्लं कुठे आहेत, त्यांच्यापैकी कुणी अचानक गेलं का? याच विणीतल्या बाकीच्यांना ऐकलंय का? चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही, तो मालकांचे फोन नंबर देतो. आणि या पिल्लात दोष पक्का झाला तर ती जोडी पुन्हा लावू नये, हेही त्याला स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी हाच मर्मर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाईल.

आता विमा. याबाबतीत लोकांची जितकी निराशा होते तितकी मी क्वचितच कुठे पाहतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा एजंटच्या तोंडी आश्वासनात असतं.

आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांच्या कुत्र्यांसाठीच्या जुन्या पॉलिसी मुख्यतः कुत्रं दगावल्यावर भरपाई देण्यासाठी होत्या, गुरांच्या विम्यासारख्या. आजारपणाचा, ऑपरेशनचा खर्च देणाऱ्या खासगी पॉलिसी अलीकडच्या. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज आलियान्झनं २०२० मध्ये अशी पॉलिसी आणली, आणखीही काही कंपन्या आल्या. त्यांत हॉस्पिटलचा खर्च, मृत्यू, हरवणं-चोरी, आणि तुमच्या कुत्र्यानं दुसऱ्या कुणाला इजा केली तर त्याची जबाबदारी, असे वेगवेगळे भाग असतात. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः निरोगी पिल्लांच्या मालकांना घ्यायला सांगतो.

पण या सगळ्या पॉलिसींच्या मुळाशी एक तत्त्व आहे. विमा उद्या होऊ शकणाऱ्या गोष्टीचा असतो, आज माहीत असलेल्या गोष्टीचा नाही. पॉलिसी सुरू होण्याआधी जे कागदावर आलंय तो ‘आधीपासूनचा आजार’. तुमच्या पिल्लाचा मर्मर तारखेसह केस पेपरवर आहे. त्याशिवाय बऱ्याच पॉलिसी जन्मजात आणि आनुवंशिक दोष सरळ वगळतात. म्हणजे मर्मर कुणाच्या कानी आला नसता तरी पीडीए किंवा सबएऑर्टिक स्टेनोसिसचा क्लेम त्या कलमात अडकलाच असता. वर वेटिंग पिरियड असतो, त्या दिवसांत सुरू झालेला आजार धरत नाहीत. काही पॉलिसी अगदी लहान पिल्लू घेतच नाहीत, ठरावीक वय भरावं लागतं. आणि पार्व्हो, डिस्टेंपरसारख्या लस असलेल्या आजारांचा क्लेम लसीकरण वेळेवर झालं असेल तरच उभा राहतो. तेव्हा ‘आत्ताच काढा, सगळं कव्हर होईल’ हे वाक्य तुमच्या पिल्लाला लागू पडत नाही.

एजंटला तोंडी काही विचारू नका. पॉलिसी घेण्याआधी कंपनीलाच ईमेल करा: आठ आठवड्यांची गोल्डन रिट्रीव्हर, ग्रेड ३ मर्मर नोंदवलेला आहे, इकोचा रिपोर्ट सोबत जोडला आहे, पॉलिसी मिळेल का, हृदयाशी संबंधित सगळं वगळणार की फक्त हा दोष, आणि पुढे मर्मर गेल्याचं दाखवलं तर ते वगळणं काढणार का? याचं लेखी उत्तर येईल ते खरं. ‘हृदय’ वगळलं गेलं तरी पॉलिसी निरुपयोगी होत नाही. गाडीचा धक्का, विषबाधा, पोटात अडकलेली वस्तू, दुसऱ्याला झालेली इजा, यासाठी ती कामाची आहेच. (गोल्डन काहीही गिळतात. माझ्याकडे मोजे, पेन्सिली, आंब्याच्या कोयी पोटातून काढाव्या लागलेल्यांत ही जात पुढे असते.) फक्त ती किती रकमेपर्यंत देते, प्रत्येक क्लेममध्ये तुमचा वाटा किती, आणि दरवर्षी नूतनीकरणाला हप्ता कसा वाढतो, हे वाचूनच सही करा.

इथे एक नाजूक गोष्ट सांगतो, कारण ती दर काही महिन्यांनी माझ्या टेबलावर येते. लोक हळूच म्हणतात, ‘डॉक्टर, कार्डावर मर्मर नका ना लिहू, विम्याला अडचण येईल.’ कधी दुसऱ्या दवाखान्यात नवा केस पेपर काढतात आणि पहिल्याचं नाव घेत नाहीत. ताई, हे कुणी सुचवलं तर करू नका. मी कुणासाठीच ते करत नाही. प्रस्तावाच्या अर्जात ‘माहीत असलेला आजार’ विचारलेला असतो आणि खाली तुमची सही असते. खोटं निघालं की फक्त हृदयाचा नाही, सगळीच पॉलिसी रद्द होऊ शकते. एरवी क्लेम चुकीचा नाकारला तर विमा लोकपालांकडे दाद मागता येते, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. पण लपवलेल्या आजाराला तिथेही कुणी वाचवत नाही. आणि माझ्या मते याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. उद्या तिच्या नसबंदीसाठी भूल देणारा डॉक्टर तेच कार्ड बघणार. मर्मर लिहिलेला असेल तर तो औषध बदलेल, मॉनिटर लावेल. सबएऑर्टिक स्टेनोसिसच्या कुत्र्याचे दात साफ करताना तो आधी अँटिबायोटिक देईल, कारण अशा झडपेवर जंतुसंसर्ग बसायची भीती असते. कोऱ्या कार्डावर यातलं काहीच होणार नाही.

मग पैशांची सोय कशी करायची? माझा सल्ला जुन्या पद्धतीचा आहे. पोस्टात किंवा बँकेत पिल्लाच्या नावानं आरडी उघडा. महिन्याला दोन हजार टाकले तर तीन वर्षांत ७२ हजार मुद्दल आणि वर व्याज जमतं. त्यात ‘हे कव्हर होत नाही’ असं कुणी म्हणत नाही. तीव्र दोषाचे सगळे उपचार त्यात बसणार नाहीत, पण दरवर्षीचा इको, गोळ्या आणि एक अचानक आलेलं आजारपण बसेल. पॉलिसीही घेतलीत आणि आरडीही उघडलीत तर उत्तम. एकच जमणार असेल, तर या पिल्लासाठी मी आरडी निवडेन.

हर्नियाबद्दल काळजी करू नका. बेंबीला बोटाच्या टोकाएवढा मऊ फुगवटा असेल, दाबल्यावर आत जात असेल, तर तो बऱ्याचदा सहा महिन्यांपर्यंत मिटतो, नाहीतर नसबंदीच्या वेळी दोन टाके घालून बंद करतात. कडक झाला, लाल झाला, पिल्लू उलट्या करायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. खुब्याच्या सांध्याचं, म्हणजे हिप डिस्प्लेझियाचं, या वयात काही कळत नाही. आई-वडिलांचे खुब्याचे एक्स-रे असतील तर बघा, बहुतेक ब्रीडरांकडे नसतात. पार्व्होचं मात्र भान ठेवा: पहिली लस झालेली असली तरी पिल्लू पूर्ण सुरक्षित नसतं, दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत १६ आठवडे भरेपर्यंत लसीकरण चालू ठेवावं लागतं. इकोसाठी हॉस्पिटलमध्ये नेताना तिला जमिनीवर सोडू नका, मांडीवर किंवा टोपलीतच ठेवा.

रिपोर्ट आल्यावर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? रक्त कमी असल्यानं आलेला किंवा निरुपद्रवी मर्मर निघाला, तर पूर्ण किंमत देऊन घेतली असती. सौम्य सबएऑर्टिक स्टेनोसिस निघाला, तर घेतली असती, पण पैदास कधीच करणार नाही हे ठरवून आणि सहा महिन्यांनंतरच्या इकोपर्यंत परतीची हमी कागदावर घेऊन. पीडीए निघाला, तर आधी बंद करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून खर्च आणि तारीख विचारली असती. तो खर्च खरोखर पेलणार असेल तरच घेतली असती, आणि ब्रीडरला एक रुपयाही दिला नसता, कारण तो पैसा तिच्या ऑपरेशनला लागणार आहे. मध्यम किंवा तीव्र सबएऑर्टिक निघाला, तर लहान मुलांच्या घरात घेतली नसती.

हे शेवटचं लिहिताना मला बरं वाटत नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर ती न विचारणाऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल, हे तुम्हाला खुपणार, आणि ते खुपणं योग्यच आहे. ज्यांच्याकडे वेळ आहे, घर शांत आहे, तिचं आयुष्य छोटं असू शकतं हे ज्यांनी पचवलंय, त्यांनी असं पिल्लू जरूर सांभाळावं. तसे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मग तो व्यवहार नाही, ती सोबत आहे. ब्रीडरनं ती फुकट द्यायला हवी आणि घेणाऱ्यानं सगळं माहीत असून घ्यायला हवी. तुम्ही एवढं नक्की करू शकता की रिपोर्टची एक प्रत ब्रीडरकडे ठेवायची आणि पुढच्या घराला ती दाखवायला सांगायची.

मुलांना आत्ता एवढंच सांगा की तिच्या हृदयाची तपासणी व्हायची आहे आणि रिपोर्ट आल्यावर ठरवू. आठ वर्षांचं मूल हे समजू शकतं. ‘नक्की आणूया’ असं मात्र सांगू नका.

इकोच्या दिवशी तिला फार वेळ उपाशी ठेवू नका. एवढ्या लहान पिल्लाची साखर पटकन उतरते. इकोसाठी बहुधा भूल लागत नाही. सकाळी थोडं खायला घाला, सोबत तिचं नेहमीचं अन्न, पाणी, एक जुनी ओढणी घ्या, आणि पहिल्या डॉक्टरांचा तो केस पेपर विसरू नका. रिपोर्टमधले आकडे मला पाठवा, मग पुढचं बोलू.